वीस सेकंदांचं मीठ

मी आयुष्यभर पोरांना मापन शिकवलं. लंबकाचा दोलनकाल एकदाच मोजून मोकळे होऊ नका, वीस दोलनं मोजा, तीनदा मोजा, चूक कुठून शिरते ते शोधा, असं सांगत सांगत उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझे केस पांढरे झाले. आणि त्याच हातांनी, त्याच स्टॉपवॉचवर, मी सहा वर्षं मैदानावर खोट्या वेळा सांगितल्या. त्यासाठी मला कोणी धमकावलं नव्हतं की आमिष दाखवलं नव्हतं. सांगितलं म्हणून केलं, आणि खरं बोलायचं तर त्यात मजा येत होती म्हणूनही केलं.

मी खेळाडू नव्हे. शाळेत लंगडीतसुद्धा पहिला बाद होणारा मी. कॉलेजच्या धावण्याच्या संघाशी माझी गाठ पडली ती घड्याळामुळे. जिमखान्याचं एकुलतं एक स्टॉपवॉच जास्त चावी दिल्याने अडकून बसलं आणि आमच्या प्रयोगशाळेत चार होती. पण प्रयोगशाळेची वस्तू प्रयोगशाळेच्या माणसाशिवाय बाहेर जायची नाही, असा आमच्या विभागप्रमुखांचा खाक्या. त्यांनी मला घड्याळाबरोबर पाठवलं. म्हणजे बोलावणं घड्याळाला होतं, मी आपला सोबतीला गेलो आणि तिथलाच झालो.

संघाला शिकवणारे आम्ही तिघं. पहिले जिमखान्याचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत. मूळचे साताऱ्याकडचे, तरुणपणी कबड्डी खेळलेले, मानेला बाक म्हणून ठाऊक नाही. धावण्यातलं ते कुठे शिकले हे मला कधी कळलं नाही, पण पोरांची पावलं नुसती ऐकून आज कोणाची पोटरी दुखतेय ते सांगायचे. दुसरे शेठ. उल्हासनगरच्या बाजारात त्यांचं पँटच्या कापडाचं दुकान. सिंधी माणूस, कधीकाळी शंभर मीटर धावलेले, आता पोट सुटलेलं. सकाळी दुकान उघडण्याआधी विनामोबदला येऊन कमी अंतरवाल्या पोरांना स्टार्ट शिकवायचे. संघाच्या चड्ड्या ते अस्तराच्या उरलेल्या कापडातून शिवून आणायचे, त्यामुळे आमचा संघ कधी चॉकलेटी असायचा तर कधी राखाडी. आणि तिसरा मी, घड्याळवाला.

मैदानाला ट्रॅक असा नव्हताच. मीच साखळी धरून तीनशे मीटरची फेरी मोजली होती आणि तिच्यावर दर रविवारी पहाटे चुन्याची फक्की मारली जायची. पाच हजार मीटरला सोळा फेऱ्या आणि वर दोनशे. क्रिकेटवाले रागवायचे, कारण आमची रेघ त्यांच्या स्लिपमधून जायची. वालधुनी नदीवरून वारा आला की पोरं नाक वाकडं करत पळायची आणि कारखान्यांनी आज तिचं पाणी कुठल्या रंगाचं केलं असेल यावर चहाच्या पैजा लावायची. तेवढ्या त्या मैदानातून आमच्या मोठ्या सरांनी दोन पोरं विद्यापीठाच्या संघात घातली होती आणि तिथून दोघंही रेल्वेत खेळाडू म्हणून लागली होती. नोकरी ती नोकरी, वर पळायचं, आणि त्यासाठी रजासुद्धा भरपगारी. त्या दोघांची नावं पोरं देवाचं नाव घ्यावं तशी घ्यायची.

आता मिठाचं सांगतो. पहिल्याच महिन्यात मोठ्या सरांनी मला बाजूला घेऊन त्यांची पद्धत समजावली. खरी वेळ वहीत लिहायची आणि पोराला सांगताना वर वाढवून सांगायची. पंधराशेला सहा सेकंदं, पाच हजारला वीस. ह्याला ते मीठ म्हणायचे. पोराला त्याची खरी वेळ कळली की ते सुखावतं, आणि सुखावलेलं पोर पळत नाही, हे त्यांचं तत्त्व. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं म्हणून ते आपल्या कबड्डीतल्या कुणा हुरळलेल्या गड्याची गोष्ट सांगायचे. पुन्हा, स्पर्धेच्या दिवशी पंच खरी वेळ जाहीर करतात तेव्हा पोराला वाटतं आपण आज अचानक वीस सेकंदं सुधारलो. आमच्याकडे त्याला ‘उघडणं’ म्हणत. तो उघडला, म्हणायचे. सगळ्या पोरांची श्रद्धा होती की मोठ्या सरांच्या हाताखालचा पोरगा स्पर्धेच्या दिवशी उघडतोच.

पोरांना पत्ता लागू नये म्हणून मैदानावर घड्याळबंदी होती. उल्हासनगरात तेव्हा स्वस्तातली डिजिटल घड्याळं यायला लागली होती आणि ज्याच्या-त्याच्या मनगटावर एक लुकलुकत असे. मोठे सर मैदानाच्या तोंडाशी टोपी घेऊन उभे राहायचे, पोरं मुकाट्याने घड्याळ टोपीत टाकून आत यायची. घड्याळाकडे बघणारा पळत नाही, हे वाक्य तर पोरं एकमेकांना ऐकवायची. वही माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात. कॉलेजात मला काळं कुत्रं विचारत नव्हतं. पण तीस-चाळीस पोरांचं खरं काय ते मोठे सर सोडले तर फक्त मला ठाऊक आहे, ह्या गोष्टीचा मला माज चढला होता. ताकास तूर लागू न देणं हा माझा गुणच आहे असं मी समजत होतो.

शेठना हे मीठ पसंत नव्हतं. ते मोठ्या सरांच्या पुढे बोलायचे नाहीत, पण एकदा कटिंग चहा पिताना मला म्हणाले, “साईं, गिऱ्हाइक को भाव कम-ज्यादा बोलो, चलेगा. माप में झूठ नहीं. कपडा कम निकला तो उसका पँट नहीं बनेगा.” मी त्यांना मानसशास्त्र समजावून सांगितलं. ते ग्लास ठेवून दुकान उघडायला गेले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बदलापूरजवळच्या चामटोलीचा एक पोरगा आमच्याकडे आला. घरची थोडी शेती, बाप अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर. पोरगा काटकुळा, पळताना डावा खांदा किंचित वर. पहिल्या वर्षी तो फक्त क्रॉसकंट्री पळला. त्या शर्यतीत वेळेला कोणी विचारत नाही, नंबर बघतात, आणि तो दुसरा आला. दुसऱ्या वर्षी मोठ्या सरांनी त्याला पाच हजारला घातलं आणि सांगून ठेवलं की सोळा मिनिटांच्या आत आलास की विद्यापीठाच्या संघात तुझी जागा धरून चाल. सोळाच्या आत. त्या दिवसापासून पोराला दुसरं काही सुचेना. लेक्चरला वहीच्या मागच्या पानावर फेऱ्यांचे हिशोब करायचा, फेरीला सत्तावन्न सेकंदं, फेरीला साडेसत्तावन्न.

डिसेंबरात आम्ही क्रॉसकंट्रीचा सराव बदलापूरच्या पुढे नेला. नदीकाठून निघायचं, कापलेल्या भाताच्या खाचरांतून बांधाबांधाने चामटोलीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पळून झाल्यावर त्याच्या आईने सगळ्या संघाला चहा आणि उकडलेले वाल दिले. बाप रात्रपाळी करून आलेला, ओट्यावर बसून खोकत होता. खोकला थांबला की बोलायचा, बोलून झालं की पुन्हा खोकायचा. त्याने मोठ्या सरांना विचारलं की साहेब, ह्याचं पळण्यात काही होईल का. मोठे सर म्हणाले, बघू. त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं असतं तर मी त्याच वेळी खिशातल्या चिठ्ठीवरून सांगू शकलो असतो, कारण आदल्या रविवारी पोरगा पंधरा सत्तावन्नला आला होता. आम्ही त्याला सांगितलेले सोळा सतरा.

पुढच्या रविवारी तो पंधरा बावन्नला आला, सांगितले सोळा बारा. त्याच्या पुढच्या रविवारी पंधरा अठ्ठेचाळीस. ते शेवटचे दोनशे मीटर तो असा आला की शेठ आपली पोरं सोडून रेघेवर येऊन उभे राहिले. मी घड्याळ दाबलं, आकडा पाहिला, मनात वीस मिळवले आणि म्हणालो, “सोळा आठ.” पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ खिशात घातलं.

त्याच आठवड्यात कारखान्यात त्याच्या बापाला डॉक्टरने तपासलं आणि ह्या खोकल्यावर पाळी झेपणार नाही असं सांगितलं. आजारपणामुळे सुटणाऱ्या कामगाराच्या जागी त्याच्या मुलाला घ्यायचं, असा तिथे रिवाज होता. फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचा, सोमवारी पोराने हजर व्हायचं, आणि पहिले सहा महिने एक दिवस रजा नाही. विद्यापीठाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर होती, तीही आठवड्याच्या मधल्या वारी. म्हणजे कारखाना धरला की चाचणी सुटली.

शुक्रवारी दुपारी मी प्रॅक्टिकल घेत असताना पोरगा प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत बोलावलं तर चपला बाहेर काढून आला. त्याने फॉर्मचं, शनिवारचं, सहा महिन्यांचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, “सर, तुमी घड्याळ लावता. तुमाला काय वाटतं, मी सोळाच्या आत येईन का?”

ज्या टेबलाशी तो उभा होता त्याच्याच खणात वही होती. तीन रविवार, तिन्ही सोळाच्या आत. माझ्या खिशात किल्ली होती. मी काय केलं, तर एका पोराचा लंबक आडवा हेलकावे खात होता तो जाऊन सरळ केला, आणि परत येऊन म्हणालो, “अजून आठ सेकंदं आहेत. पाच हजारात आठ सेकंदं थोडी नसतात. मोठ्या सरांना विचार.”

तो हो म्हणाला आणि गेला. पण मोठे सर त्या दिवशी कुठल्याशा सभेला गेले होते आणि हे मला सकाळपासून माहीत होतं.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी त्यांना गाठलं. एवढं तरी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की पोरगं आत्ता पेटलंय, आत्ता सांगाल तर विझेल. रविवारी आपण मीठ न घालता वेळ सांगू, त्याला वाटेल उघडलो, आणि त्याच उमेदीने चाचणीला जाईल. मी म्हणालो, शनिवार रविवारच्या आधी येतो. ते म्हणाले, “अवो, असली फॉर्मबिर्मची तारीख कोण पाळतंय? चार दिवस इकडं-तिकडं चालतंच. त्याचा बाप काय लगेच सही करतोय?” मोठ्या सरांचा स्वभाव दुष्ट नव्हता. ज्या माणसाच्या पद्धतीने दोन पोरं मार्गी लागलेली असतात त्याला तिसऱ्या वेळी पद्धत चुकेल असं वाटत नाही. मला मात्र वाटलं होतं. आणि बदलापूरहून चामटोलीकडे जाणारी शेवटची बस सुटायला अजून दोन तास होते. चामटोलीचं घर मला माहीत होतं, तिथले वाल मी खाल्ले होते. मी लोकलने नेहमीसारखा एक स्टेशन आधी, अंबरनाथला उतरलो, पूर्वेच्या बाजारातून कोथिंबीर आणि पाव घेतले आणि घरी गेलो.

रविवारी पोरगा मैदानावर आला तो साध्या कपड्यांत. कॉलेजचे स्पाइक्स वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. घासून, खिळ्यांना तेल लावून. मोठ्या सरांच्या पाया पडला, शेठच्या पडला, मग माझ्या. म्हणाला, काल सही केली, उद्यापासून कामावर. आठ सेकंदं राहिली, एवढंच म्हणाला, आणि तेही हसून. मोठ्या सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. खरी वेळ ते बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणून मीही बोललो नाही. शेठनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला नजर द्यायची माझी छाती झाली नाही. मी वाकून फक्कीचा डबा उचलायला लागलो.

शेठ त्या रविवारनंतर मैदानावर आले नाहीत. दुकानात गर्दी असते, असा निरोप आला. एकदा मी दुकानात गेलो तर त्यांनी लस्सी मागवली, घरच्यांची चौकशी केली, आणि पोरांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि आता लाज वाटते ते लिहितो: त्यानंतरही दोन वर्षं मी मैदानावर जात राहिलो आणि मीठ घालत राहिलो. मोठे सर निवृत्त होऊन गावी गेले, नवे सर आले, त्यांनी जिमखान्याचं घड्याळ दुरुस्त करून घेतलं, तेव्हाच माझं काम सुटलं.

नव्वदचं दशक संपत आलं असताना एका संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेला स्टँडवरच्या रिक्षात बसलो तर चालवणारा वळून म्हणाला, “सर, वळखलं नाय?” मी खांद्यावरून ओळखला. डावा खांदा तसाच वर. कारखान्याला दोन वर्षांपूर्वी टाळं लागलं होतं, तेव्हापासून तो रिक्षा चालवत होता. बाप कधीच गेला होता. मुलगी सातवीत, शाळेत पळते म्हणाला, बरी पळते. गडी मोठा आनंदात बोलत होता. मुलीला म्हणे तो नेहमी सांगतो, तुझा बाप सोळाला आठ सेकंदं कमी पडला. आपल्यात तेवढी धाव नव्हती, तुझ्यात असली तर बघू. “आठ सेकंदं म्हंजे काय सर, माणूस दोनदा शिंकला की संपली,” म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या वेळी वाटलं, आता नाही सांगितलं तर आपण माणसात जमा नाही. खरं म्हणजे मला माझं ओझं उतरवायचं होतं. मी सांगितलं. मिठाची पद्धत सांगितली, वीस सेकंदं सांगितली, वही खणात होती तेही सांगितलं.

त्याने रिक्षा कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागे वळला नाही.

“नेमका किती होता?”

“पंधरा अठ्ठेचाळीस.”

“त्याच्या आधीचा?”

“पंधरा बावन्न. त्याच्या आधी सत्तावन्न.”

“तीनदा,” तो म्हणाला.

मग त्याने मला त्या शुक्रवारचं सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. तो प्रयोगशाळेतून घरी गेला तेव्हा बाप ओट्यावर वाट बघत बसला होता. बाप म्हणाला होता की खोकला काय आजचा नाही, सहा महिने मी आणखी ओढतो, डॉक्टरच्या हातापाया पडतो. तू फक्त एवढं सांग, तुझं होईल का. पोराने सांगितलं, नाही होणार. बापाने दुसऱ्यांदा विचारलं, मास्तरांना विचारलंस का. पोरगा म्हणाला, त्यांच्याकडूनच आलो. तेव्हा कुठे बापाने फॉर्म काढला.

“सर, इतकी वर्सं मी म्हनत होतो, माज्यात तेवढं नव्हतं,” तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. “त्याचा काय त्रास नव्हता. सवय झाली होती. आता ह्याचं मी काय करू?”

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खरंच विचारत होता, त्या दिवशी प्रयोगशाळेत विचारलं होतं तसंच, मास्तरांना माहीत असेल अशा समजुतीने. मग त्याने रिक्षा सुरू केली, मला सोसायटीच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि हेच ना गेट, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो.

त्यानंतर त्या स्टँडवर तो मला दोनदा दिसला. दोन्ही वेळा मी मागच्या रिक्षात बसलो.